माती कुठं टाकली

चैत्र सरत आला की आमच्या घरी कूलर माळ्यावरून खाली येतो. मुलगा जाळ्यांतला मागच्या वर्षीचा काळा पडलेला वाळा उपसून काढतो, नवा भरतो, टाकीत पाणी सोडतो आणि बटण दाबतो. पहिल्या झोताबरोबर तो ओला, गवती वास घरभर फिरतो आणि नागपूरचा उन्हाळा रीतसर सुरू होतो. यंदा त्याचं हे काम चाललं असताना सून माझ्याजवळ येऊन बसली.

“आई, रागावणार नसाल तर एक सांगू?”

रागावण्यासारखं असल्याशिवाय कोणी असं विचारत नाही. मी म्हटलं, “सांग.”

“बाबा गेल्यापासून तुम्ही नीट जेवत नाही. दुपारभर भिंतीकडे बघत पडून असता. माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत. गोळ्याबिळ्या देत नाहीत. फक्त बोलायचं असतं. मन मोकळं होतं.”

“माझं मन भरलेलं आहे ते भरलेलंच असू दे,” मी म्हणाले. “मोकळं करून तिथं काय ठेवणार आहेस?”

बिचारी उठून गेली. तिचा दोष नाही. तिच्या पिढीत ही गोष्ट दाढ दाखवायला जाण्याइतकी साधी झाली आहे. पण ‘मन मोकळं होतं’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते पन्नासएक वर्षांपूर्वी, अशाच एका उन्हाळ्यात, आणि ते ऐकवणाऱ्या बाईला आमच्या वसाहतीनं हाकलून लावलं होतं. हाकलणाऱ्यांत मी होते. आज ती वेळ आली तर आजही असेन.

आमचं गाव उमरेडच्या पलीकडं होतं. धरणात गेलेल्या गावाचं निदान पाणी तरी दिसतं. आमचं खाणीत गेलं. खाली कोळसा निघाला आणि कोळशाच्या वरचं जे काही होतं ते एका दमात फालतू ठरलं. खाणीतले साहेब लोक त्याला ‘वरचं ओझं’ म्हणत. आमचं तुरीचं वावर, मारुतीचा पार, पाटलाची विहीर, बौद्धवाड्यातला नवा बांधलेला विहार, सगळं त्या ओझ्यात जमा झालं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली. ओझं कसं उचलतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. यंत्राचा पंजा खाली येतो, बांधासकट जमीन उचलतो, आणि त्या ढेकळातून जोंधळ्याची मुळं लोंबत राहतात.

गाव उठायच्या आधी खाणीची माणसं यायची ती विचारायला. तुमच्या घरात किती जणं, विहिरीला पाणी कुठवर, झाडं कुठली, गोठा पक्का की कच्चा. आम्ही पाहुणे समजून चहा पाजला. झाडं मोजली ती गेली, विहीर विचारली ती गेली. तेव्हापासून आमच्या माणसांनी एक गोष्ट मनाशी बांधून ठेवली, की गोड आवाजात जो विचारतो तो काहीतरी न्यायला आलेला असतो.

वसाहत दिली ती नागपुरात, सक्करदऱ्याच्या तलावापासून बरंच पुढं, जिथं तेव्हा शहर संपत होतं. सिमेंटच्या भिंती, वर टिनं. ओळीत घरं, दोन घरांत मिळून एक भिंत. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. त्यामुळं गावात जे एकमेकांच्या पाणवठ्यावर जात नव्हते ते भिंतीला भिंत लावून राहायला आले. आमच्या भिंतीपलीकडं कौसल्याबाई आली. बौद्धवाड्यातली. तिच्या सासऱ्यानं छप्पन्न साली नागपुरात येऊन दीक्षा घेतली होती आणि त्या दिवसाची गोष्ट ती अशी सांगायची की जणू आपणच कडेवर पोर घेऊन तिथं उभी होती. गावाच्या आठवणीनं बायका डोळ्याला पदर लावू लागल्या की ती फटकन म्हणायची, “तुमचं गाव गेलं वं बायांनो. आमचं कुठी होतं? आमी तं कवाचेच बाहेर होतो.” बायकांचे पदर खाली यायचे. माय मात्र हसायची. मायचं आणि तिचं त्या बोलण्यावरच जुळलं, असं मला वाटतं.

उन्हाळा त्या टिनांत राहून समजतो. सकाळी नऊला घर तापायला लागायचं. दुपारी टिनं तडतडायची, एकेक खिळा बोलायचा. भांड्याला हात लावला तर हात पोळायचा. माणसं ओली चादर अंगावर घेऊन जमिनीवर पडायची. गावात याच दिवसांत पहाटे मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असायचा, पिवळसर, ओलसर, त्या गोड वासानं डोकं जड व्हायचं, आणि आम्ही टोपल्या घेऊन वाकलेल्या असायचो. वसाहतीत एकच कडुनिंब होता. त्याच्या सावलीसाठी भांडणं व्हायची.

आणि पंखा एकच होता. तो समाजमंदिरात.

पंखा सुरू व्हायचा दर गुरुवारी दुपारी, कारण गुरुवारी डॉक्टरबाई यायच्या. शहरातली एक संस्था उठवलेल्या गावांसाठी काही काम करत होती, तिनं त्यांना पाठवलं होतं. तिशीतली बाई, पुण्याकडची, पांढऱ्या सुती साडीतली, घामानं कपाळ भिजलेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मी तपासणार नाही, सुई देणार नाही. गाव सुटलं की मनाला जखम होते. आपण बोलायचं. बोललं की मन मोकळं होतं.”

घरी येताना कौसल्याबाई म्हणाली, “आमाले पागल समजून राहिली काय वं ही?”

हाच प्रश्न साऱ्या वसाहतीचा होता. डोक्याचा डॉक्टर म्हणजे पागलखाना, दुसरं काही आम्हांला माहीत नव्हतं. माझे बाबा त्याच खाणीत फाटकावर पहारेकरी लागले होते. घरटी एकाला नोकरी, असा तो हिशोब. रोज पहाटेच्या एस.टी.नं उमरेडला जायचे आणि आपल्याच वावरावर खाकी घालून उभे राहायचे. ते पहिल्या गुरुवारीच मायला म्हणाले, “तिकडं जाऊ नको. घरात डोक्याचं काही हाय असं साहेबाले समजलं तं मले काढून टाकन. पोरीचंही जमाचं हाय.”

“मी पंख्याखाली बसाले जाते,” माय म्हणाली. “डोकं घरी ठेवून जाते.”

आणि खरंच, बायका पंख्यासाठीच जायच्या. मुगवड्यांचं, कुरडयांचं सामान घेऊन जायच्या, गप्पा मारायच्या. डॉक्टरबाई मान जरा कलती ठेवून ऐकत. त्या काही लिहून घेत नसत. त्यांना वाटलं असेल की यानं आमचा विश्वास बसेल. झालं उलटं. लिहिणारा माणूस आम्हांला ठाऊक होता. ही बाई नुसती डोक्यात साठवत होती.

त्या स्वप्नं विचारायच्या. मग बायकांनी स्वप्नं रचायला सुरुवात केली. वाटेतच ठरायचं आज कोणी काय सांगायचं. कौसल्याबाईचा हात कोणी धरू शकत नव्हतं. “सपनात पांढरा बैल आला. मले म्हंते, कौसल्ये, माह्या शिंगाले तेल लाव.” डॉक्टरबाई गंभीर होऊन विचारत, “मग तुम्हाला कसं वाटलं?” “कसं वाटन? घरात तेल कुठी होतं?” बायका पदरात तोंड घालून हसायच्या. डॉक्टरबाईही हसायच्या, पण त्यांना आपण कशाला हसतो आहोत ते माहीत नसायचं. कधीकधी म्हणायच्या, “गेलेल्या गोष्टीचा स्वीकार करायला शिकलं पाहिजे.” स्वीकार! घर खाणीनं घेतलं, वावर खाणीनं घेतलं, आणि आता आम्ही ते खुशीनं दिलं असंही या बाईला आमच्याकडून वदवून घ्यायचं होतं. इतकी चिकट भूक मी त्या यंत्राच्या पंजातही पाहिली नव्हती.

हा राग मी आज मागाहून लावत नाही. तो तेव्हाही होता. त्या बाईच्या अंगात खोटं काही नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि म्हणून राग जास्तच यायचा. वाईट माणसाला दार लावता येतं.

मायनं स्वप्न कधी रचलं नाही. ती नुसती कुरडया घालत बसायची. मग एका गुरुवारी, उन्हानं समाजमंदिराचंही टिन तडतडायला लागलं तेव्हा, तिचा हात थांबला. ती वर पाहत म्हणाली, “घरी बी असंच होते. मले वाटते पोरगं कुरकुरून राहिलं.”

“कुठलं पोरगं?” डॉक्टरबाईंनी अगदी हळू विचारलं.

आणि मायनं सांगितलं. माझ्या पाठीवर तिला एक मुलगा झाला होता. तान्हाच तापात गेला. तान्ह्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. बाबांनी एकट्यानं नेऊन वावराच्या बांधावर, मोहाखाली माती दिली. बायकांनी जायचं नसतं, म्हणून माय गेली नाही. पण तिला जागा कळली होती. त्या एका झाडाखालची फुलं तिनं पुढं कधी वेचली नाहीत. ती म्हणायची, तिथली तशीच राहू दे. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्या झाडाला मुंग्या फार म्हणून.

“यंत्र आलं तेव्हा मी काही बोलली नाही,” माय म्हणाली. “बोलून थांबतं काय ते? पन बाई, तुमी शिकल्या सवरल्या. तुमाले माहीत असन. ते माती उचलून कुठी टाकतात?”

डॉक्टरबाईंनी तिचा पिठाचा हात आपल्या हातात घेतला. “पार्वताबाई, माती कुठंही असली तरी बाळ तुमच्या मनात आहे ना? तिथून ते कोण नेणार? तुम्हाला त्याच्यासाठी रडता आलं नाही. रडा. इथं रडा.”

माय रडली नाही. तिनं हात सोडवून घेतला आणि राहिलेल्या कुरडया घातल्या. पुढच्या गुरुवारी तिनं परत तेच विचारलं, माती कुठं टाकली. डॉक्टरबाईंनी परत मनाचंच सांगितलं. जमीन गेली, गोठा गेला, आणि त्या बाईच्या मते आमच्याजवळ जे उरलं ते ठेवायला मन नावाची एक खोली होती, भाडं न लागणारी. तिथंच सगळं भरा आणि गप राहा.

वैशाखात संस्थेचा कार्यक्रम झाला. समाजमंदिरावर पताका लागल्या, माईक आला, शहरातले पाहुणे गाडीतून आले. वसाहतीला समोर सतरंजीवर बसवलं. पाहुण्यांनी आमच्याबद्दल आमच्यासमोर भाषणं केली. मग डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. “इथल्या एका माऊलीची गोष्ट सांगते,” त्या म्हणाल्या, “नाव सांगणार नाही.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. मोहाचं झाड, तान्हं बाळ, तडतडणारी टिनं, त्यात ऐकू येणारं रडणं. त्याला त्या ‘भास’ म्हणाल्या. विस्थापितांच्या मनात किती खोल घाव असतात ते यावरून पाहा, असं म्हणाल्या. पाहुण्यांतल्या एका बाईनं रुमाल डोळ्याला लावला. टाळ्या झाल्या.

बाबा मागं भिंतीला टेकून उभे होते. सुट्टी होती त्यांना. आणि पुढच्या ओळीत, कोपऱ्यात, मला पाहायला आलेल्या मुलाची मावशी बसली होती, जी सहज वसाहत बघायला म्हणून आली होती.

मला वाटलं माय उठून जाईल. ती उठली नाही. आभार होईपर्यंत ताठ बसून राहिली. शेवटी पेढे वाटले, तेव्हा तिनं हात पुढं करून पेढा घेतला. घरी येऊन तो माठाजवळ ठेवला. त्याला मुंग्या लागल्या तरी कोणी उचलला नाही.

संध्याकाळी बाबा बाजेवर बसले होते. कोणाकडंच न पाहता म्हणाले, “मी लय खोल खांदलं होतं. कोल्हे येऊ नाही म्हणून.”

माय चुलीजवळून म्हणाली, “त्याह्यनं तुमच्याहून खोल खांदलं.”

एवढंच. त्या मुलावर त्या दोघांचं माझ्यादेखत झालेलं हे पहिलं बोलणं.

मला पाहायला आलेल्या मुलाकडून निरोप आला. घरात डोक्याचा आजार आहे, पुढं पोरांत उतरतो, आम्हांला जमणार नाही. मला त्या मुलाचं काही फार नव्हतं. एकदाच चहा देताना पाहिला होता. पण माझ्या मायला पागल ठरवणारा तो निरोप मी ऐकला तेव्हा मला त्या पांढऱ्या साडीचा असा संताप आला की दात दुखेपर्यंत मी ते आवळून धरले. बाबा रोज कामावर जाताना घाबरायचे. कोणी साहेबाच्या कानावर घातलं तर?

पुढच्या गुरुवारी समाजमंदिराला कुलूप होतं. किल्ली कौसल्याबाईनं कमरेला खोचली होती. सगळ्या बायका भर उन्हात मंदिराच्या पायरीवर रस्त्याकडं पाठ करून बसल्या होत्या. मीही होते. डॉक्टरबाई रिक्षातून उतरल्या आणि आमच्या पाठींकडं बघत उभ्या राहिल्या.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

कौसल्याबाई न वळता म्हणाली, “सपनं संपली आमची.”

“कौसल्याबाई, निदान माझं ऐकून तरी—”

तेव्हा ती वळली. मी तिला इतकी लाल झालेली कधी पाहिली नव्हती. “गाव माहं नव्हतं, बाई. त्या गावासाठी मी रडली नाही अन् रडनार बी नाही. पन पोट तं त्या बाईचं होतं ना? पोटातली गोष्ट तुले दिली तिनं. अन् तू ती लाऊडस्पीकरवर वाजवली? जाय इथून. परत आली तं मी काय करीन मले माहीत नाही.”

पोरांनी ‘पागलखान्याची बाई’ म्हणून आरडाओरड सुरू केली. रिक्षावाला आमच्याच वसाहतीतला. त्यानं रिक्षा वळवली आणि रिकामीच घेऊन गेला. कोणी हसलं नाही, कोणी थांबवलंही नाही. ती बाई त्या उन्हात शहराकडं चालत निघाली. डांबर मऊ झालेलं होतं, चपला चिकटत होत्या. मी बघत होते. मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं अजून माझ्याजवळ जसंच्या तसं आहे आणि त्याबद्दल मला कोणाची माफी मागायची नाही.

पण ती परत आली. दोन-चार दिवसांनी, गुरुवार नसताना, सकाळीच आमच्या दारात उभी. रिक्षा नाही, चालत. तोंड उन्हानं सोललेलं. कौसल्याबाई भिंतीपलीकडून बाहेर आली. मायनं तिला हातानंच थांबवलं आणि डॉक्टरबाईंना आत घेतलं नाही. उंबऱ्यावरच बोलणं झालं.

“मी तुमचं नाव घेतलं नव्हतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“नाव कायले पाह्यजे? गाव तं एवढंच हाय.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “माझं चुकलं, पार्वताबाई. फार चुकलं.”

“चुकलं तं मंग काय करतं?”

त्या गोंधळल्या. त्यांच्या शिक्षणात चुकलं म्हणण्यापुढचं काही नसावं. “तुम्ही सांगाल ते,” त्या म्हणाल्या.

“चाल मंग,” माय म्हणाली. “साहेबाले इचार. तुले इंग्रजी येते. माती कुठी टाकली ते इचार.”

आम्ही तिघी उमरेडच्या एस.टी.त बसलो. मायनं मला बरोबर घेतलं कारण तिला त्या बाईशेजारी एकटीनं बसायचं नव्हतं. उमरेडला उतरून खाणीच्या बाजूनं जाणाऱ्या ट्रकवाल्याला डॉक्टरबाईंनी विनवलं. फाटकापाशी उतरलो तर पहाऱ्यावर बाबा.

त्यांनी आम्हांला पाहिलं. चेहरा दगडासारखा झाला. पलीकडं दुसरा पहारेकरी उभा होता. बाबांनी काठी आडवी धरली आणि आपल्या बायकोला विचारलं, “कोन पाह्यजे?”

माय त्यांच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, “साहेब पाह्यजे.”

“काय काम हाय?”

“हाय एक काम.”

डॉक्टरबाई काहीतरी बोलायला पुढं झाल्या. मी त्यांचा पदर मागं ओढला. बाबांनी फाटकाचा दांडा वर केला. आम्ही त्यांच्या अंगाला घासून आत गेलो.

साहेबांच्या खोलीत खिडकीवर वाळ्याचे पडदे होते, पाणी शिंपडलेले. तेव्हापासून मला तो वास नकोसा वाटतो. साहेबांना आधी वाटलं मोबदल्याची भानगड आहे, ते चिडलेलेच होते. डॉक्टरबाई इंग्रजीत बोलत राहिल्या, बराच वेळ, आवाज न चढवता. एका जागी साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि मायकडं पाहिलं. मग उठून भिंतीवरच्या नकाशाजवळ गेले. वावर कुठल्या अंगाला होतं ते मीच दाखवलं, नाल्याच्या वळणावरून.

“तिकडून तर आम्ही सुरुवात केली,” साहेब मोडक्या मराठीत म्हणाले. “वरची काळी माती सगळ्यांत आधी निघते. ती तिकडे, रोडच्या बाजूला टाकली. पहिला ढीग.”

“त्याच्यावर?” मायनं विचारलं.

“त्याच्यावर मग बाकी सगळं. मुरूम, दगड. पुष्कळ.”

“म्हंजे आमची माती सगळ्याच्या खाली?”

“हो. एकदम तळाला.”

“मंग ते कोनी उकरन काय परत?”

“नाही, नाही. तो ढीग आता कोण उकरतो? त्याच्यावर झाडं लावायची आहेत.”

मायनं मान हलवली. बाजारात भाव पटल्यावर हलवतात तशी. साहेबांना नमस्कार करून ती बाहेर पडली. फाटकावरचा दुसरा माणूस पाणी प्यायला गेला होता. बाबांनी दांडा उचलता उचलता ओठ न हलवता विचारलं, “काय म्हने?”

“खाली हाय. लय खाली. कोनी हात नाही लावू शकत आता.”

बाबांनी दांडा वर केला तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. आम्ही रस्त्याला लागलो तरी तो वरच होता.

तो ढीग रस्त्यावरून दिसला. ढीग कसला, टेकडीच. राखाडी, उघडीबोडकी, वर कुठंकुठं गवताचे तुरे. मायनं चपला काढल्या आणि तापलेल्या जमिनीवर उभी राहिली. त्या ओसाड दगडांकडं इतक्या मायेनं पाहताना मी कोणाला पाहिलं नाही. डॉक्टरबाई तिच्याजवळ गेल्या. “पार्वताबाई, आता तुम्हाला…”

“चूप राहा वं बाई,” माय म्हणाली. रागानं नाही. झोपलेल्या पोराजवळ कोणी बोललं तर म्हणतात तसं.

नंतर एस.टी. स्टँडवर, कडुनिंबाखाली बसलो असताना ती आपणहून बोलली. “तू मले रड रड म्हने. कुठी पाहून रडू? मानसाले रडाले बी जागा लागते. तू म्हने मनात हाय. मनात तं सगळंच हाय, मनाकडं पाहून रडता येते काय?” मग म्हणाली, “काम केलं तू. आता आमच्याकडं येऊ नको.”

डॉक्टरबाईंनी ‘बरं’ म्हटलं. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

मी त्यांना माफ केलं का? नाही. मायनंही केलं नाही. पुढं माझं लग्न झालं, चांगल्या घरी झालं, पण आमच्या वसाहतीतल्या पोरींकडं ‘पागलांच्या वस्तीतली’ म्हणून बोट दाखवणं कितीतरी वर्षं चाललं. एका दुपारी एक काम केल्यानं ते पुसत नाही. ज्यांना बोलून बरं वाटतं त्यांनी बोलावं, माझं काही म्हणणं नाही. मी मात्र आधी विचारीन की माझी माती कुठं टाकली, आणि त्याचं उत्तर ज्याच्याजवळ नाही त्यानं माझ्या मनाची चौकशी करू नये.

त्या दिवशी परतीच्या एस.टी.त गर्दी होती. डॉक्टरबाईंनी मायला खिडकीची जागा दिली, स्वतः शेजारी बसल्या. मी मागच्या बाकावर. गाडी स्टँडबाहेर पडली, वळली, आणि डाव्या हाताला लांबवर ती राखाडी टेकडी पुन्हा दिसली. माय काचेला कपाळ टेकवून बसली होती. आधी तिचे खांदे हलले. मग तिचा आवाज फुटला, मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा, गावात माती झाल्यावर बायका रडतात तसा. माणसं माना वळवून बघू लागली. डॉक्टरबाई हात मांडीवर ठेवून गप्प बसून होत्या, त्यांनी मायला शिवलं नाही. टेकडी झाडांमागं गेली तरी माय रडतच होती.

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्याजवळ आला आणि थांबला. “काय झालं, मावशी?”

मायनं पदरानं तोंड पुसलं. “पोरगं गेलं माहं.”

“अरे बापा,” तो म्हणाला. “कवा?”

माय बाहेर पाहत होती. तिनं मान वळवली नाही.

“आज,” ती म्हणाली.